मालगुंडच्या केशवसुत स्मारकाची वाटचाल

गणपतीपुळ्याहून दोन-अडीच किलोमीटरवर, माडापोफळींच्या सावलीत मालगुंड आहे. १८६६ साली याच गावात शाळामास्तर केशव विठ्ठल दामले यांच्या घरी कृष्णाजीचा, म्हणजे कवी केशवसुतांचा, जन्म झाला. तारखेबाबत मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी १५ मार्च धरतात, कोणी ७ ऑक्टोबर.

गावाच्या वाट्याला कवी फार काळ आला नाही. खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे असे शिक्षण झाले. मॅट्रिक व्हायला १८८९ उजाडले. पुढे मुंबई, खानदेश आणि शेवटी धारवाड, अशी मास्तरकी. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ लिहिताना मन मात्र कोकणातच होते. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगने त्यांना गाठले. पाठोपाठ पत्नीही गेली. मागे उरल्या त्या सव्वाशेच्या आसपास कविता. खात्रीचे म्हणावे असे छायाचित्रसुद्धा नाही. हरि नारायण आपटे यांनी त्या कवितांचा संग्रह काढला, म्हणून त्या पुढच्या पिढ्यांच्या हाती लागल्या.

त्यानंतर मालगुंडला स्मारकासाठी बराच काळ थांबावे लागले. १९९० मध्ये रत्नागिरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते मधु मंगेश कर्णिक. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली आणि ‘कोमसाप’ने मालगुंडच्या स्मारकाचे काम अंगावर घेतले. काम सोपे नव्हते. ज्याचा चेहराही ठाऊक नाही, त्याच्या स्मारकात ठेवायचे तरी काय? उत्तर जन्मघरात आणि कवितेत सापडले. कौलारू घर जुन्या वळणाने जपले गेले, आवारात कविता दगडावर कोरल्या गेल्या, त्यांच्या कवितेतल्या तुतारीचे शिल्प उभे राहिले. साहित्यिक, रसिक, कार्यकर्ते आणि ग्रामस्थ अशा कितीतरी जणांचे हात या कामाला लागले.

८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ज्ञानपीठ मिळालेला कवी नाशिकहून एवढ्या लांब आला, हे मालगुंड अजून विसरलेले नाही. परिषदेच्या नियतकालिकाचे नावही केशवसुतांच्याच कवितेवरून ‘झपूर्झा’ ठेवले गेले.

आज गणपतीपुळ्याचे देवदर्शन आटोपून पर्यटकांच्या गाड्या इकडे वळतात, शाळांच्या सहली येतात. शेणाने सारवलेल्या घरांची सवय नसलेली मुले आधी जन्मघर न्याहाळतात आणि मग काव्यदालनात शिरतात. तिथे केशवसुतांनंतरच्या मराठी कवींची छायाचित्रे त्यांच्या कवितांसह लावलेली आहेत.