फावल्या वेळातली कामे आणि त्यांचे वारस

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झाले. त्यासाठी धडपडणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा एकवीस वर्षांचे होते. शिक्षण विज्ञानाचे, पुढे व्यवसाय मिठाचा, आणि ध्यास मात्र जुन्या मराठी ग्रंथांचा. याच भाव्यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला आणि ‘महाराष्ट्र कवि’ नावाचे मासिक काढून हस्तलिखितांत अडकून पडलेले काव्य छापून आणले. यातल्या एकाही कामावर त्यांचे घर चालत नव्हते. आज ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतला एखादा तरुण दोन-तीन मित्रांना हाताशी धरून, नोकरी सांभाळून, रात्री जागून वेबवर एखादे छोटे साधन उभे करतो. ते कधी शब्दांचा खेळ असते, कधी टंकलेखनाची सोय, तर कधी गाड्यांच्या वेळा दाखवणारे पान. अशा कामाकडे घरचे आणि दारचे दोघेही ‘रिकामटेकडा उद्योग’ म्हणून पाहतात. माझे म्हणणे असे की, या पट्ट्याने महाराष्ट्राला दिलेल्या टिकाऊ गोष्टींपैकी कितीतरी अशाच फावल्या वेळात घडल्या आहेत. त्या टिकल्या की लोपल्या, हे मात्र करणाऱ्याच्या हौसेने ठरले नाही. दुसऱ्याच्या हाती सोपवता येईल अशा रीतीने ते काम मांडले होते का, यावर ते ठरले.

एकोणिसाव्या शतकातले ठाणे पाहिले तर दोन्ही तऱ्हा दिसतात. काशिनाथ विष्णु फडके यांचे ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक १८६६ मध्ये ठाण्यातून निघाले. पुढे याच गावातून ‘हिंदु पंच’ हे विनोदी पत्रही निघू लागले. मुंबईच्या मोठ्या छापखान्यांच्या सावलीत, जिल्ह्याच्या गावी, मूठभर माणसांनी खेळकर पत्र चालवावे, ही त्या काळी मोठीच हिंमत होती. पण वृत्तपत्र मालक-संपादकाच्या अंगावर उभे असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस ‘हिंदु पंच’ खटल्यांच्या कचाट्यात सापडले आणि त्यातून सावरले नाही. ग्रंथसंग्रहालयाचे तसे झाले नाही. भावे १९२६ मध्ये वारले, संस्था आजही चालू आहे. कारण तिच्याजवळ सभासद होते, कार्यकारिणी होती, दाखल पुस्तकांची नोंदवही होती. नवा चिटणीस आला की त्याला कपाटाच्या किल्ल्या आणि नोंदवही मिळे, आणि दुसऱ्या दिवशी देवघेव सुरू राही. खुद्द ‘महाराष्ट्र सारस्वत’चे उदाहरणही बोलके आहे. भाव्यांनंतर पंचवीस-एक वर्षांनी शं. गो. तुळपुळे यांनी त्या ग्रंथाला विस्तृत पुरवणी जोडली. मूळ लेखकाचे म्हणणे कुठे संपते आणि नव्या संशोधनाची भर कुठे सुरू होते, हे वाचकाला स्पष्ट दिसते. एका माणसाच्या छंदातून आलेला ग्रंथ दुसऱ्या अभ्यासकाने पुढे नेला, तो असा.

आता रेल्वेकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत या पट्ट्यातल्या माणसाचा दिवस गाडीच्या वेळेने कापला गेला. डोंबिवलीकर ‘सकाळी निघतो’ असे म्हणत नाही. तो ‘आठ-चौदाची फास्ट’ म्हणतो. डब्यातली भजनी मंडळे ही या कापलेल्या दिवसातून वेळ काढण्याचीच एक रीत. मग वेळापत्रक हीच इथली सर्वांत जिव्हाळ्याची माहिती ठरली तर नवल काय? स्टेशनाबाहेर विकली जाणारी खिशात मावेल अशी वेळापत्रकाची पुस्तिका वर्षानुवर्षे घरोघरी होती. २०१० मध्ये सचिन टेके या तरुण अभियंत्याने ‘एम-इंडिकेटर’ हे अॅप आणले, तेव्हा त्या पुस्तिकेची जागा फोनने घेतली. त्याची खुबी साधेपणात होती. बटणांच्या साध्या जावा फोनवर ते चाले, वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असल्याने इंटरनेटची गरज नसे. गर्दीत एका हाताने दांडी धरलेल्या माणसाला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दोन-तीन बटणांत पुढची गाडी कळे. हळूहळू त्यात रिक्षाचे भाडे आले, बसचे मार्ग आले, रविवारचा मेगाब्लॉक आला आणि नाटकांचे प्रयोगही आले. वेळापत्रकाच्या शेजारी ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहातले नाटक ही जोडी कुठल्याही सरकारी खात्याला सुचली नसती. ती इथे राहणाऱ्यालाच सुचते, कारण त्याचा आठवडा याच दोन गोष्टींनी बनलेला असतो.

यावर एक आक्षेप लगेच येतो: रेल्वेने हे स्वतः केले नसते का? केले, पण उशिरा. उपनगरी तिकीट मोबाइलवर काढण्याची ‘यूटीएस’ची सोय मुंबईत २०१४ मध्ये आली आणि मध्य रेल्वेचे ‘यात्री’ अॅप गाड्यांचे थेट ठिकाण दाखवू लागले ते २०२२ मध्ये. मोठ्या यंत्रणेला निविदा, मंजुरी आणि अंदाजपत्रक लागते. दोन-तीन जणांना एक अडचण आणि काही रात्री पुरतात. मात्र या आक्षेपात तथ्यही आहे. ते झाकून चालणार नाही. वेळापत्रक आखते रेल्वे, गाडी चालवते रेल्वे. छोटे साधन सार्वजनिक माहितीच्या जमिनीवर उभे असते. ती जमीन खुली नसेल तर कितीही कल्पक चमू असो, त्याला वेळापत्रक बदलले की दर वेळी फलकांवरून आकडे उतरवून घ्यावे लागतात. म्हणून खासगी हौस विरुद्ध सरकारी काम असा सामना लावण्यात अर्थ नाही. माहिती खुली करणे हे सार्वजनिक यंत्रणेचे काम, तिला कामाचे रूप देणे हे छोट्या चमूचे.

दुसऱ्याच्या हाती गेलेल्या कामांचा सर्वांत शिकवणारा इतिहास मराठी टंकांचा आहे, आणि तो एकट्या ठाण्याचा नाही. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी सुरू केले. त्या काळी संगणकावर देवनागरी दाखवण्यासाठी प्रत्येक जण आपापला टंक वापरी. हर्ष कुमार या रेल्वे अधिकाऱ्याने नोकरी सांभाळून ‘शुषा’ हे टंक बनवले आणि विनामूल्य वाटले. असंख्य लोकांनी त्यात पहिल्यांदा आपल्या लिपीत पत्र लिहिले. मनापासून कृतज्ञता वाटावी असे ते काम. पण या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. टंक संगणकावर असेल तोवर मजकूर मराठी, नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांची माळ. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या मानकाने १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे संकेतांक दिले होते, आणि विंडोज २००० पासून ते सामान्य संगणकावर दिसू लागले. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने हे युनिकोड ब्राउझरमध्येच, उच्चाराप्रमाणे टंकायची सोय दिली, आणि ती इतरांना आपल्या संकेतस्थळावर जोडता येईल अशी ठेवली. ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’ अशा ठिकाणी लोक तिच्यावरच लिहिते झाले. पुढे फोनमध्ये मराठी कळफलक आपसूक येऊ लागला आणि ‘गमभन’ची गरज ओसरली. पण त्यातून टंकलेला मजकूर आज जसाच्या तसा वाचता येतो. जुन्या टंकांतला मजकूर मात्र रूपांतरक शोधून सोडवावा लागतो. दोन्ही कामे हौसेची, दोन्ही फुकट, दोन्ही प्रामाणिक. फरक पडला तो दुसऱ्याला पुढे नेता येणाऱ्या मानकावर उभे राहण्याने.

ठाण्याचे ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ याच धड्यावर उभे आहे, असे मला वाटते. लेखकाची परवानगी घ्यायची, पुस्तक पीडीएफ करायचे आणि वाचकाला ई-मेलने विनामूल्य पाठवायचे, इतकीच त्याची रचना. कुणाला ती फार साधी वाटेल. पण पीडीएफ ज्याच्या संगणकात पोचली त्याच्याकडे ती राहिली. संस्थेचे संकेतस्थळ उद्या बंद पडले तरी पुस्तके वाचकांच्या घरी असतील. ग्रंथसंग्रहालयाच्याच गावात, शंभराहून अधिक वर्षांनी, भिंती आणि कपाटे नसलेले वाचनालय निघावे यात एक सलग धागा आहे.

दुसरा आक्षेप खेळकरपणावर असतो. वेळापत्रक आणि पुस्तके ठीक, पण शब्दांचे खेळ, गमतीची पाने यांना इतिहासात कशाला जागा द्यायची? जॉश वॉर्डल या अभियंत्याने आपल्या जोडीदारासाठी बनवलेला ‘वर्डल’ हा पाच अक्षरांचा खेळ २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला, हे अनेकांना ठाऊक असते. पण असा खेळ मराठीत करायला बसणाऱ्याच्या वाट्याला काय येते ते जवळून पाहिले पाहिजे. पहिल्याच पायरीला प्रश्न उभा राहतो: ‘क्षत्रिय’ या शब्दात अक्षरे किती? वाचणारा म्हणेल तीन: क्ष, त्रि, य. संगणकाच्या हिशेबी ते आठ संकेतांक: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य. अक्षरांची सीमा ठरवणारा युनिकोडचा सर्वसाधारण नियम हलन्तानंतर तुकडा पाडत असे, म्हणजे जोडाक्षर फुटे. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत तो नियम देवनागरीसारख्या लिप्यांसाठी सुधारला गेला. त्याआधी ज्यांनी असा खेळ रचला त्यांना जोडाक्षर सांभाळण्याचा नियम स्वतः लिहावा लागला. त्यापुढे आणखी प्रश्न: ‘कि’ हवे असताना ‘की’ टाकले तर बरोबर म्हणायचे की जवळपास? अनुस्वार वेगळा मोजायचा का? शब्दांची यादी कोणत्या कोशातून घ्यायची, ‘इस्पितळ’ चालेल का? खेळाच्या निमित्ताने लिपी, व्याकरण आणि कोश या तिघांशी झुंज द्यावी लागते. जोडाक्षर सांभाळण्याचा तोच नियम शोधयंत्राला लागतो, शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला लागतो, अंध वाचकासाठी मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीलाही लागतो. हे काम कुणी सोडवून उघडे ठेवले तर तो भाषेचा सार्वजनिक ठेवा होतो. घरच्या संगणकातच राहिले तर पुढच्या चमूला पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करावी लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. फावला वेळ असतो कुणाला? १८९३ च्या ठाण्यात ग्रंथसंग्रहाची स्वप्ने पाहू शकणारा वर्ग चिमूटभर होता. शिकलेला, बहुतांशी उच्चवर्णीय, आणि जवळजवळ सर्व पुरुष. आजही पहाटे डबा करून लोकल पकडणारी आणि रात्री परतून पुन्हा ओट्याशी उभी राहणारी बाई असा हौसेचा प्रकल्प कधी करणार? हे खरे आहे आणि याला सोपे उत्तर नाही. फावल्या वेळातले काम गौरवताना तो वेळ कुणाच्या कष्टांवर मिळाला हेही लिहिले पाहिजे. पण यातूनच माझ्या मूळ मुद्द्याला बळ मिळते. ज्याला सलग वेळ नाही त्याला दुसऱ्याने उघडे ठेवलेले काम अर्ध्यावरून उचलता येते. आठवड्याला दोन तास मिळणारी व्यक्ती नवे साधन मुळापासून उभारू शकणार नाही, पण तयार असलेल्या शब्दयादीत आपल्या बोलीतले शंभर शब्द नक्की घालू शकेल. मराठी विकिपीडिया २००३ पासून अशाच तुकड्या-तुकड्यांच्या वेळावर वाढला आहे. बंद काम फक्त निवांत माणसाचे राहते. उघड्या कामात घाईतल्या माणसालाही जागा मिळते.

छोटी कामे मरतात, याची खंत फार करण्याचे कारण नाही. ‘गमभन’सारखे एखादे काम आपली गरज संपवून निवृत्त होते, ते यशच. वाईट असते ते अकाली आणि निर्वारस मरण. याहूच्या जिओसिटीजवर लोकांनी हौसेने बांधलेली लाखो पाने २००९ मध्ये बंद झाली, फ्लॅशवर बनवलेले खेळ २०२० च्या अखेरीस थांबले. त्यातले जे वाचले ते स्वयंसेवकांनी आधीच उतरवून ठेवले म्हणून. मराठीतली किती पाने त्यात गेली याची कुणी यादीच ठेवली नव्हती.

म्हणून या पट्ट्यातल्या छोट्या चमूंना एक आग्रहाची विनंती आहे. साधन लहान असो, गमतीचे असो, ते करत राहा. पण त्याचा आधारभूत मजकूर खुल्या परवान्याखाली ठेवा, कसे चालते ते मराठीत दोन पानांत लिहा, आणि पासवर्ड किमान दोघांना ठाऊक असू द्या. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकांनी आपल्या बसमार्गांची आणि वेळांची माहिती कुणालाही वापरता येईल अशा रूपात प्रसिद्ध करावी. आणि १८६४ चे कल्याण सार्वजनिक वाचनालय व १८९३ चे ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय यांनी आपल्या नोंदवहीत एक नवा विभाग उघडावा: या परिसरात बनलेल्या वेब-साधनांच्या प्रतींचा. पुस्तक दाखल करून घेण्याची रीत त्यांना सव्वाशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे, या नव्या दाखल्याला एक संगणक आणि एक जबाबदार माणूस पुरेसा आहे.