मुखपृष्ठावरील वर्ण
अमेरिकेतील प्रणयकादंबऱ्या आणि अद्भुतिका, म्हणजे जादू व काल्पनिक जगे उभारणाऱ्या कादंबऱ्या, दीर्घकाळ प्रामुख्याने गौरवर्णीय नायक-नायिकांभोवतीच फिरत राहिल्या. उर्सुला ले ग्विन यांच्या 1968 च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या अद्भुतिकेचा नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, तरी अनेक मुखपृष्ठांवर आणि 2004 च्या दूरचित्रवाणी मालिकेतही तो गोरा दाखवला गेला, ज्याचा लेखिकेने केलेला जाहीर निषेध सर्वस्वी रास्त होता, कारण सावळ्या वाचकाला लाभलेला नायक त्यामुळे हिरावला जात होता. प्रणयकादंबरीत बदलाची वाट एका संपादिकेने मोकळी केली: डेल प्रकाशनातील कृष्णवर्णीय व्हिव्हियन स्टीफन्स यांनी 1980 मध्ये एल्सी वॉशिंग्टन यांची, टोपणनावाने लिहिलेली, कृष्णवर्णीय प्रेमिकांची ‘एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज’ प्रसिद्ध केली. अशा कथांची ‘अ‍ॅराबेस्क’ ही स्वतंत्र माला मात्र 1994 मध्येच निघाली.