मेरिट आणि ग्रेस

लातूरला बारावी केलेल्या कुणालाही ‘मेरिट’ आणि ‘ग्रेस’ हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. मेरिट म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवर फोटो, गावाकडून फोनवर फोन आणि घरी पेढे. ग्रेस म्हणजे काठावर अडकलेल्याला बोर्डानं दिलेले दोन-चार गुण. ‘तो ग्रेसवर निघाला’ हे वाक्य आमच्याकडे कौतुकानं कुणी म्हणत नाही. बोर्डाची गुणवत्ता यादी बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण शब्द गेला नाही.

मी नांदेडची. अकरावी-बारावीची दोन वर्षं लातूरला काढली. तिथल्या खोल्यांमध्ये रात्री जे बोलणं चालायचं, त्यात नापास होण्याची भीती फारशी नसायची. भीती वेगळीच असायची. ‘पप्पांनी रान विकलं, आईनं दागिने मोडले, आता कमी पडले तर तोंड कसं दाखवू?’ म्हणजे निकाल लागायच्या आधीच अपराधी वाटायला सुरुवात झालेली असायची. आपण काही वाईट केलेलं नसतं, तरी आपण कुणाचं तरी देणं लागतो आणि ते फिटणार नाही, असं सतत वाटत राहायचं.

पुढे इतिहास शिकताना कळलं, की हे दोन शब्द परीक्षेपेक्षा कितीतरी जुने आहेत. ख्रिस्ती धर्मविचारात त्यांच्यावर शेकडो वर्षं वाद झाला. माणूस देवापुढे उभा राहतो तो स्वतःच्या कमाईवर की देवाच्या देणगीवर? जर्मनीतला मार्टिन लूथर हा संन्यासी याच प्रश्नानं बेजार झाला होता. उपास, जागरणं, पापांची कबुली, सगळं करूनही त्याची भीती जाईना. १५१७ साली त्यानं पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करण्याच्या प्रथेला आव्हान दिलं, त्यामागे ही भीतीही होती. आपल्या भाषेत सांगायचं तर मेरिट म्हणजे पुण्य आणि ग्रेस म्हणजे कृपा. मराठीत हा वाद स्वतःच्या आयुष्यानं लढलेली एक बाई आहे. पाठ्यपुस्तकात तिच्यावर चार ओळी असतात. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात हे मोठं धाडस होतं, आणि त्याचा जाब त्यांना द्यावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवलं. हे कुटुंब एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर पायी फिरायचं, देवळात पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर राहायचं आणि त्यातलंही दानधर्मात घालायचं. पुण्य साठवणं हाच त्यांचा संसार होता.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. विकण्यासारखं होतं ते विकून झालं. मोलमजुरी करायची नाही आणि भीक मागायची नाही, हा कुळाचा अभिमान आड आला. उपास केले, जप केले, देवाला साकडं घातलं. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. आई शेवटच्या दुखण्यात भाकरीसाठी तळमळत होती. पोरगी शेजारच्या दारात गेली, पण मागायला तोंडातून शब्द फुटेना. कशीबशी बाजरीच्या भाकरीचा तुकडा घेऊन परतली, तोवर आईला तो खाण्याची ताकद उरली नव्हती. हे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हा प्रसंग परका वाटत नाही. आमच्या घराघरांत बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आहेत. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तर आमच्या पिढीनं पाहिलं. दुष्काळात माणूस आभाळाकडे बघतो आणि विचारतो, आपलं काय चुकलं? आणि जो मागे उरतो तो आयुष्यभर विचारत राहतो, मीच का उरलो?

रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास असे दोघे उरले. हजारो मैल पायी चालून ते १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आपल्या भाषेत बोलायचं तर ती मेरिटमध्ये आली. पण त्याच काळात धर्मग्रंथ वाचताना तिला दिसलं, की बाईच्या वाट्याला या सगळ्या पुण्यव्यवहारात फार थोडं आहे. ग्रंथांची आपसात कितीही मतभेद असले, तरी बाई मुळात पापी आहे आणि तिला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, यावर बरेचसे ग्रंथ एकमत होते. परीक्षेला बसायचीच परवानगी नाही, मग मेरिट कुठून येणार?

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्यानं गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्हं मूल. नवरा गेला तो बाईच्या मागच्या जन्मीच्या पापामुळे, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि स्त्री डॉक्टरांसाठी साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

तिथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय कशानं झाला, हे त्यांनी नंतर सांगितलं. लंडनच्या फुलम भागात वाँटेजच्या भगिनी एक आश्रम चालवत. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेनं ठेवलं जाई. अशा बाईला कुणी शिक्षा न करता जवळ घेतं, हे रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली, पाच नवरे होऊन गेलेली बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिला नाकारत नाही, आधी सुधारून ये असंही म्हणत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका धर्मांतराची गोष्ट झाली असती. पण रमाबाईंनीच पुढे लिहिलं, की बाप्तिस्मा झाला तरी मन मोकळं झालं नाही. धर्म मिळाला होता, पण ज्याच्या नावानं तो धर्म आहे तो ख्रिस्त अजून भेटला नव्हता. नवे नियम आले, नवी उपासना आली, आणि आपण त्यात कमी पडतो ही टोचणी तशीच राहिली. म्हणजे बोर्ड बदललं, भीती तीच. शिवाय इंग्लंडमधल्या धर्मगुरूंशी आणि आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे खटके उडत होते. चर्चचा प्रत्येक सिद्धांत ऐकून घ्यायला त्या तयार नव्हत्या. आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून आत्ता कुठे सुटले आहे, आता दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं होतं.

सुटका झाली ती आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, भारतात. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांनी वाचलं. हा माणूस स्वतः पाद्री असूनही आतून कोरडा होता, आणि स्वतःचंच प्रवचन देताना त्याला विश्वासाचा अर्थ उमगला. रमाबाईंना त्यात आपली स्थिती दिसली. आपण आजवर पात्र होण्याची खटपट करत होतो, आणि कृपा तर पात्रता विचारतच नाही. आई-वडिलांचं पुण्य, स्वतःची विद्या, बाप्तिस्मा, समाजकार्य यांतलं काहीही त्या हिशेबात जमेला धरायचं नव्हतं, कारण हिशेबच मिटला होता.

मी ख्रिस्ती नाही. हा अनुभव आतून कसा असतो, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण कृपा हा शब्द आमच्या मातीला अनोळखी नाही. गंगाखेडच्या जनाबाई, नरसीचे नामदेव, यांचा देव पात्रता बघून येत नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात ज्या मूलमंत्राचा रोज उच्चार होतो, त्याचा शेवट ‘गुरप्रसाद’ या शब्दानं होतो, म्हणजे गुरूच्या कृपेनं. रमाबाईंना ती कृपा ख्रिस्तात सापडली. त्यांच्या वाटेवर ती तिथेच होती.

अशा अनुभवावर एक शंका नेहमी घेतली जाते. पापाचं ओझं असं फुकटात उतरत असेल तर माणूस बेफिकीर होणार नाही का? शंका खोटी नाही. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गाणं तुम्ही कुठल्या तरी रीलवर ऐकलं असेल. ते लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर होता. १७४८ च्या वादळात त्याला देव आठवला, तरी त्यानंतर काही वर्षं तो तोच धंदा करत राहिला, जहाजाचा कप्तानही झाला. गुलामीच्या विरोधात त्यानं जाहीरपणे लिहिलं ते १७८८ मध्ये, चाळीस वर्षांनी. कृपा मिळाली म्हणून डोळे लगेच उघडतात असं नाही.

रमाबाईंच्या बाबतीत मात्र काय झालं ते बघण्यासारखं आहे. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती होतायत म्हणून गदारोळ झाला. ‘केसरी’नं झोडपलं, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं, की मी कुणावर सक्ती केलेली नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या खोलीचं दार मी बंदही करणार नाही. सगळं पुणं विरोधात गेलं तरी त्या डगमगल्या नाहीत. कलकत्त्यात मिळालेल्या मानावर त्यांची किंमत अवलंबून राहिली असती, तर हे जमलं नसतं, असं मला वाटतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांची सोय केली केडगावला. १९०० च्या दुष्काळानंतर गुजरात-राजस्थानकडच्या मुली आल्या आणि मुक्ती मिशनमधली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. भाकरी मागताना जिचं तोंड उघडलं नव्हतं, ती आता दुसऱ्यांच्या भाकरीसाठी देशोदेशी मागत होती. त्याच आवारात एक वेगळं घर होतं, समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी. फुलमला पाहिलेलं घर त्यांनी मराठी मुलखात उभं केलं आणि नाव दिलं कृपासदन. ग्रेस या शब्दाचं इतकं सरळ भाषांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

इथे एक अवघड प्रश्न उरतो. जी मुलगी उपाशी आली आणि त्या घरात वाढली, तिनं स्वीकारलेला धर्म कितपत तिची निवड होती? रमाबाईंच्या टीकाकारांनी तो विचारला, आजही विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा. पण तो विचारताना हेही विचारावं, की त्या मुलींसाठी दुसरं कुठलं दार तेव्हा उघडं होतं?

आयुष्याच्या शेवटच्या काळात रमाबाईंनी निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, मुलींची शाळा काढली. लातूर आणि नांदेडही तेव्हा त्याच राज्यात होते. शाळेची जबाबदारी मनोरमेकडे होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून, शिकल्या-न शिकलेल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत बायबल आणण्याचं कामही अनेक वर्षं चाललं होतं. आश्रमातल्या बायकाच ते छापत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईवडील, भावंडं, नवरा यांच्यानंतर आता मुलगी. कृपा म्हणजे दुःखाविरुद्धचा विमा नव्हे, हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी भाषांतराचं काम संपवलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

लातूरहून पुण्याला जाणारी रेल्वे दौंड ओलांडली की केडगावावरून जाते. दरवर्षी किती तरी पोरं त्या गाडीत असतात, कुणी ॲडमिशन मिळाली म्हणून, कुणी पुन्हा एकदा परीक्षेची तयारी करायला. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. अभ्यास करा, मेरिट मिळवा, रमाबाईंनीही मिळवलं होतं. पण घरच्यांनी जे केलं ते कर्ज म्हणून वाचू नका. बहुतेकांनी ते तुमचा निकाल बघून दिलेलंच नव्हतं. निकाल लागायच्या कितीतरी आधी, तुम्ही त्यांचे आहात एवढ्याच कारणानं ते तुम्हाला मिळालं होतं.