140 ची भिंत

माझा मेट्रोनोम दीड वर्ष 140 वर अडकलेला होता. फोनमधलं ॲप, एका ठोक्यात चार स्वर, मिनिटाला 140 ठोके. म्हणजे सेकंदाला नऊहून थोडे जास्त स्वर. 132 पर्यंत सगळं स्वच्छ यायचं. 136 ला उजवा खांदा वर चढायचा. 140 ला पिक तारेत अडकायचं आणि सोलोचा चिखल व्हायचा.

दिवसभर कीबोर्ड, रात्री फ्रेटबोर्ड. वर्ध्यात घरूनच काम करतो, त्यामुळे मनगटाला सुट्टी अशी नव्हतीच. मार्चमध्ये अंगठ्याखाली कळ सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे गिटारला हात लावायचा नाही. नागपूरला मित्रांच्या बँडबरोबर कार्यक्रम ठरला होता आणि सोलो माझ्याकडे होता. "नाही जमलं तर सांग, दुसऱ्याला देतो," असं ग्रुपवर आलं. त्यांचं चुकत नव्हतं. त्या तीन आठवड्यांत हात रिकामे होते, म्हणून हा मेट्रोनोम मुळात आला कुठून ते शोधत बसलो.

तो आला ॲम्स्टरडॅमहून. 1814 च्या सुमारास विंकेल नावाच्या कारागिराने लंबकाचं यंत्र बनवलं. माल्झेलने त्यावर आकड्यांची पट्टी बसवली आणि 1815 मध्ये स्वतःच्या नावाने पेटंट घेतलं. (क्रेडिट ढापण्याची परंपरा आमच्या क्षेत्रापेक्षा बरीच जुनी आहे.) 1817 मध्ये बीथोवेनने आपल्या सिम्फनींना मेट्रोनोमचे आकडे दिले. वेग आता आकड्यात लिहिता येत होता. आकडा आला की तो वाढवावासा वाटतोच. 1978 मध्ये व्हॅन हेलनचं 'इरप्शन' आलं, 1984 मध्ये माल्मस्टीनची 'रायझिंग फोर्स', आणि जगभरच्या खोल्यांमध्ये पोरं आकडा चार-चारने पुढे सरकवू लागली. त्याच 1984 मध्ये मुंबईत रॉक मशीन उभा राहिला. पुढे इंडस क्रीड झालेल्या या बँडच्या लीड गिटारवर महेश तिनईकर होते. असलं आडनाव लीड गिटारवर असू शकतं, हे मला कळलं तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्याच महिन्यात गिटार घेतली.

गावाकडे मात्र लीड गिटार पोचली ती ऑर्केस्ट्रातून. गणपतीच्या मांडवात 'कर्ज'ची धून वाजली नाही असं वर्ष मला आठवत नाही. सिनेमा 1980 चा, गिटार गोरख शर्मांची, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींच्या भावाची. ती धून संथ आहे. मी ती पहिल्या आठवड्यात बसवली आणि 'सोपी' म्हणून सोडून दिली. आज रेकॉर्डिंग ऐकलं तर माझी धून कुठेच त्यांच्यासारखी वाजत नाही.

शेजारी तबला शिकवणारे एक काका राहतात. भिंत एकच. माझं दीड वर्ष त्यांनी पूर्ण ऐकलेलं आहे. हाताला पट्टा बघून म्हणाले, "काऊन पळून राहिला बे? मागं कोणी लागलं का?"

मी 140 चं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी मांडीवर टाळी धरली, साधारण 70 च्या लयीत. त्यावर तोंडाने बोल म्हटले. आधी ठाय, म्हणजे टाळीला एक. मग दुगुण, तिगुण, चौगुण, शेवटी आठपट. टाळी जागची हलली नाही. घरी येऊन गणित केलं. 70 च्या टाळीत आठ म्हणजे मिनिटाला 560 स्वर. 140 च्या ठोक्यात चार म्हणजेही 560. मी ज्या भिंतीवर डोकं आपटत होतो, ती काकांनी बसल्याबसल्या ओलांडली होती, तीही तोंडाने.

आकडा तोच, पण दोन्हींत फरक आहे. माझ्या पद्धतीत घड्याळच पळतं आणि अंगही त्याच्यामागे ताठरत पळतं. त्यांच्या पद्धतीत घड्याळ शांत असतं, फक्त दोन टाळ्यांमधली जागा बारीक वाटली जाते. आमच्याकडे पेटीच्या क्लासला जाणारं पोरगं 'सारेग, रेगम, गमप' हा पलटा असाच घोटतं. सतारीवरचे 'दा रा' म्हणजे आमचं खाली-वर पिकिंगच की.

हे गिटारवर आणणारा माणूसही सापडला. जॉन मॅकलॉफ्लिन 1971 मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रात प्रचंड वेगाने वाजवत होता. तो नंतर वीणा शिकला. माहीमच्या झाकीर हुसेनबरोबर 'शक्ती' काढली, पहिली रेकॉर्ड 1976 ची. पुढे त्याने कोन्नकोल, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची कर्नाटकी पद्धत, शिकवणारी डीव्हीडीच काढली. याच गटात नंतर शंकर महादेवन आले. नवी मुंबईत कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केलेला माणूस. हे मी आईला मुद्दाम दोनदा सांगितलं.

वर्ध्यात हाताच्या वेगाबद्दल बोलायचं आणि चरखा टाळायचा, हे शक्य नाही. चरखा संघाने 1929 मध्ये जास्त सूत देणाऱ्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे मांडलेत. शाळेच्या सहलीत मीही एकावर बसलो होतो. हात घाईने मागे ओढला की सूत तुटायचं.

तीन आठवडे मी भांडी घासताना, मीटिंगमध्ये माइक बंद करून, सोलो तोंडाने म्हणत राहिलो. गिटार हातात घेतली तेव्हा ॲप 70 वर ठेवलं. चौगुणपर्यंत खांदा खालीच राहिला. आठपटीत अजून तिसऱ्या तारेवरून दुसरीवर जाताना एक स्वर गळतो. नागपूरचा सोलो मी अर्धा माझ्याकडे ठेवला, अर्धा कीबोर्डवाल्याला दिला.

काल रात्री तोच तुकडा बारा-पंधरा वेळा घेतला. स्वर गळला की भिंतीपलीकडून टकटक येते.