हृदयाचे दार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते आम्हांला शरीरशास्त्र शिकवीत. फळ्यावर तांबड्या व निळ्या खडूने हृदय रेखाटून ते म्हणत, या कोठीला बाहेरून दार नाही. पुढे हृदयविकारानेच ते गेले. गतवर्षी माझ्या उजव्या मनगटातून एक बारीक नळी हृदयापर्यंत गेली, तेव्हा ते वाक्य आठवले. मराठीच्या अध्यापकाने वैद्यकाच्या अंगणात पाऊल टाकण्याचे कारण एवढेच.

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथील रुग्णालयात वेर्नर फोर्समान हा पंचविशीतला डॉक्टर होता. छातीत सुई खुपसून हृदयात औषध घालणे धोक्याचे. त्यापेक्षा हाताच्या नीलेतून जावे, असे त्याच्या मनाने घेतले. वरिष्ठांनी मनाई केली. उपकरणे गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात होती. आपल्यावरच प्रयोग करा, असे ती म्हणाली. त्याने तिला टेबलाला बांधले आणि नळी मात्र स्वतःच्या डाव्या कोपरातील नीलेत सरकवली; तीही मूत्ररोगांवरील उपचारांत वापरायची, ६५ सेंटिमीटर आत. मग चालत जाऊन त्याने क्ष-किरण चित्र काढून घेतले. वाट्याला उपेक्षा आली आणि तो मूत्ररोगांकडे वळला. १९५६ मध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासह त्याला नोबेल मिळाले. हा माणूस १९३२ पासून नाझी पक्षात होता, हेही सांगितलेच पाहिजे. मला स्वतःला त्या दिवशीच्या धैर्यात डिट्झेनबाईंचा वाटा मोठा वाटतो.

नीलेची वाट अशी उघडली. रोहिणीचे काम अवघड, कारण तेथे रक्त वेगाने उसळते. एक तर कातडी चिरून ती उघडी करायची, नाही तर नळी मावेल इतकी जाड सुई टोचायची. १९५३ मध्ये स्टॉकहोमच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी यावर जो तोडगा प्रसिद्ध केला, तो ऐकताना फार सोपा वाटतो. बारीक सुई टोचावी, तिच्यातून लवचिक तार सोडावी, सुई काढून घ्यावी, तारेवरून नळी आत सरकवावी आणि शेवटी तार ओढून घ्यावी. परकराच्या नेफ्यात नाडी ओवणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते! पीएच.डी.च्या प्रबंधास हा विषय अपुरा आहे, असे त्यांच्या वरिष्ठांचे मत पडले आणि सेल्डिंगरना प्रबंध दुसऱ्याच विषयावर लिहावा लागला. आयुष्यभर मीही प्रबंध तपासले आहेत. हे वाचून मी ओशाळलो.

पुढे जांघेतील रोहिणी हा राजमार्ग झाला. पण ती खोल असते. रक्तस्राव मांडीत साचतो आणि रुग्णाला तासन्‌तास उताणे पडून राहावे लागते. १९८९ मध्ये माँट्रिऑलच्या ल्युसियाँ कांपो यांनी शंभर रुग्णांची तपासणी मनगटातून केल्याचे प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाई यांनी त्याच वाटेने अडलेली हृदयरोहिणी रुंद केली. मनगटातील रोहिणी बारीक खरी, पण कातडीलगत, आणि खाली हाड; दाबले की रक्त थांबते. ती बंद पडली तरी बहुधा करंगळीकडची दुसरी रोहिणी हात सांभाळते. तसे रक्त पोहोचते की नाही, हे पाहण्याची एडगर अ‍ॅलन यांची चाचणी १९२९ चीच! ज्या जागी आपले वैद्य तीन बोटे ठेवून नाडी पाहत आले, तीच ही जागा.

वाट मिळाली नाही तर सारे कौशल्य दाराशी अडते. २००२ मध्ये फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता पहिली महारोहिणीची झडप बसवली. ५७ वर्षांच्या त्या रुग्णाच्या पायांच्या रोहिण्या निकामी होत्या. म्हणून ते जांघेतील नीलेतून शिरले आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा भेदून पलीकडे गेले. पुढे नळ्या बारीक झाल्या आणि आज बहुतेकांची झडप जांघेतील रोहिणीतूनच जाते. बरगड्यांमधील लहानशा छेदातून शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारदही हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या बहुधा जांघेतच जोडतात.

माझी तपासणी झाल्यावर परिचारिकेने मनगटावर पट्टा आवळला आणि मी उठून बसलो. गुरुवर्यांना दाखवावे म्हटले, तर ती खूण आता मलाही सापडत नाही.