दोन वर्षांचा बँड आणि त्याला चिकटलेलं नाव

आज आपण ज्या बँडविषयी बोलणार आहोत तो जेमतेम दोन वर्षं टिकला. १९८४ साली अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला आणि १९८६ च्या सुरुवातीला संपला. एक मोठी तबकडी, एक छोटी, आणि ही छोटी तर बँड मोडल्यावर बाजारात आली. शहराबाहेर कार्यक्रम क्वचितच झाले. बँडचं नाव राइट्स ऑफ स्प्रिंग. ‘इमो’ नावाच्या संगीतप्रकाराचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात. आणि गंमत अशी, की ‘इमो’ हे नाव त्या बँडमधल्या मंडळींना कधीच मान्य झालं नाही. नाव दिलं की वस्तू कळली, असं माणसाला वाटतं. तसं नसतं, हे आम्ही वर्गात तीस-पस्तीस वर्षं सांगत आलो. आज त्याचा एक दाखला बघू.

वॉशिंग्टन म्हटलं की आपल्याला व्हाइट हाउस आठवतं. पण तिथे लोक राहतातही. १९८० च्या सुमारास त्या गावात शाळकरी वयाच्या मुलांनी पंक संगीताचा आपला स्वतंत्र संसार मांडला होता. बहुतेक गोरी, मध्यमवर्गीय घरांतली मुलं. गाव मात्र बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं, हे विसरू नका. एका बँडनं साठवलेल्या पैशांतून या मुलांनी डिसकॉर्ड नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. विसंवाद आणि स्वरमेळ या दोन इंग्रजी शब्दांची ती कोटी आहे. कव्हरं स्वतः कापायची, घडी घालायची, चिकटवायची. लेखी करार नाही, सगळा व्यवहार शब्दावर. दारूच्या वयाची अट आड येऊन लहान मुलांना कार्यक्रम बंद होऊ नयेत म्हणून अल्पवयीनांच्या हातावर काळी फुली मारायची: आत या, पण दारू मिळणार नाही. साधी युक्ती, पण तिच्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना मंचासमोर जागा मिळाली.

या मंडळींचं संगीत म्हणजे हार्डकोर. दीड मिनिटाचं गाणं, प्रचंड वेग, आरडाओरड. त्यातला सर्वांत गाजलेला बँड मायनर थ्रेट १९८३ मध्ये मोडला. तोवर कार्यक्रमांची जागा हाणामारीनं घेतली होती. ज्यांनी ही जागा उभी केली त्यांनाच तिथे जावंसं वाटेना. आमच्या मते खरी कथा इथे सुरू होते. आपण उभं केलेलं आपल्याच डोळ्यांदेखत बिघडलं, तर माणूस काय करतो? निघून जातो, किंवा कुरकुरत बसतो. या मुलांनी तिसरंच काही केलं. त्यांनी पुन्हा नवे बँड काढले, आणि निराळ्या सुरात गायचं ठरवलं.

राइट्स ऑफ स्प्रिंगमध्ये चौघे होते. गी पिचोटो गायचा आणि गिटार वाजवायचा, एडी जॅनीही गिटारवर, बासवर माइक फेलोज, ड्रमवर ब्रेंडन कँटी. नाव ऐकून स्त्राविन्स्कीचा १९१३ चा तो बॅले आठवतो, ज्याच्या पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षागृहात गोंधळ माजला होता. फेब्रुवारी १९८५ मध्ये आर्लिंग्टनच्या इनर इअर स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. स्टुडिओ कसला, डॉन झिएन्टारा यांच्या राहत्या घराचं तळघर. निर्मितीची बाजू मायनर थ्रेटच्या इयन मकायनं सांभाळली. बारा गाणी झाली. वेग हार्डकोरचाच, पण शब्द गमावलेल्या दिवसांविषयी, निसटलेल्या माणसांविषयी, स्वतःच्या अपुरेपणाविषयी. एका गाण्याचं नाव आहे ‘हेन्स पॉइंट’. पोटोमॅक नदीकाठच्या उद्यानाचं ते टोक; त्या काळी तिथे जमिनीतून वर येऊ पाहणाऱ्या अवाढव्य माणसाचं शिल्प होतं. आता ते तिथून हलवलंय. कार्यक्रमात वाद्यं फुटायची, गळे बसायचे आणि समोरची मुलं रडायची. तोवर तिथे मुलं एकमेकांना धडका देत होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या रडण्याचं मोल कळतं.

आता एक गोष्ट, जी इमोच्या इतिहासात एखाद्या ओळीत उरकली जाते. १९८५ च्या त्या उन्हाळ्याला या मुलांनी ‘रिव्होल्यूशन समर’ म्हटलं. कल्पना एमी पिकरिंग या मुलीची. तिनं मित्रांना निनावी चिठ्ठ्या धाडल्या, अपहरणकर्त्यांच्या धमकीपत्रासारखी कापलेली अक्षरं चिकटवून. मजकुराचा रोख एवढाच, की उन्हाळा येतोय, तयार राहा. आणि २१ जूनला हीच मंडळी दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर डबे, बादल्या, ढोल जे मिळेल ते बडवत उभी राहिली. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध तिथे नोव्हेंबर १९८४ पासून रोज निदर्शनं आणि अटका चालू होत्या. पुढे ऑक्टोबर १९८६ मध्ये रेगन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी काँग्रेसनं निर्बंधांचा कायदा केला. डबे बडवल्यानं कायदा झाला असं कोणी म्हणणार नाही. पण तळघरात कोंडलेलं दुःख आणि रस्त्यावरचा निषेध एकाच वर्तुळातल्या मुलांचा, एकाच ऋतूतला होता. या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. आम्हालाही दिसत नाही.

मग नाव आलं. ‘इमोशनल हार्डकोर’, त्याचं ‘इमोकोर’, त्याचं ‘इमो’. मकायनं तेव्हाच मंचावरून या शब्दाची टर उडवली. पिचोटोचा आक्षेप नेमका आहे: आम्हाला भावनिक म्हणता, तर बाकीचे बँड काय यंत्रं होती? तर्क बिनतोड आहे. आपल्याकडे भरतमुनींच्या यादीत क्रोध हा स्थायी भावच आहे, रौद्राचा पाया. म्हणजे हार्डकोरमध्ये भाव नव्हता असं नाही, रौद्राची मक्तेदारी होती. या चौघांनी त्यात शोकाला वाट करून दिली. नाव देणाऱ्यांनी ‘भावना’ म्हणजे फक्त शोक असं गृहीत धरलं आणि वकिलातीसमोरचे डबे सोडून दिले.

पुढचं थोडक्यात. १९९० च्या दशकात हा शब्द सिअ‍ॅटल, शिकागोकडे गेला, २००० नंतर मोठ्या कंपन्यांकडे. केसांची बट डोळ्यावर, काळे कपडे, तंग पँट. संगीत बदललं, बदलू दे. त्यातलं काही आम्हाला आवडतंही, नातीनं ऐकवलं म्हणून. पण शब्द आता पोरांच्या अंगावर जाऊन बसला. मार्च २००८ मध्ये मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात शेकडो तरुणांचा जमाव चौकात जमला आणि इमो दिसणाऱ्या मुलांना मारहाण झाली. २०१२ च्या फेब्रुवारीत इराकच्या गृहखात्यानं इमोंना सैतानपूजक ठरवणारं निवेदन काढलं, आणि त्या सुमारास बगदादमध्ये तसे दिसणाऱ्या तरुणांच्या हत्या झाल्याच्या बातम्या आल्या. मारणाऱ्यांना राग होता तो हळव्या दिसणाऱ्या पोरांचा, पुरुषासारखं न वागणाऱ्या मुलांचा. आरडाओरडीच्या खोलीत मुलग्यांनी रडायला सुरुवात केली होती, त्याला सत्तावीस वर्षं झाली होती.

बँड का मोडला? मोठं भांडण, मोठी शोकांतिका असं काही सांगण्यासारखं नाही. पुढे तेच चौघे ‘हॅपी गो लिकी’ नावानं पुन्हा एकत्र आले, ते पुन्हा थांबले. कँटी आणि पिचोटो मकायबरोबर फुगाझीत गेले. तो बँड पंधरा वर्षं चालला, तिकीट पाच डॉलरच्या आसपासच ठेवून. फुगाझीला कुणी सहसा इमो म्हणत नाही, हेही बघण्यासारखं आहे. राइट्स ऑफ स्प्रिंगचं सगळं काम १९९१ मध्ये ‘एंड ऑन एंड’ या एकाच सीडीवर आलं. सतरा गाणी. त्यातली दोन आपण आता ऐकणार आहोत. आवाज जरा मोठा आहे, मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांनी सांभाळून घ्यावं. मग प्रश्न घेऊ.