अक्षराचा पाय

आपण अक्षराचा पाय मोडतो. कंबोडियात अक्षराला पाय फुटतो! हे कळल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे, आता तुमची पाळी.

ख्मेर लिपी मूळची दक्षिण भारतातली, पल्लवांच्या लिपीतून तिकडे गेलेली. जुन्या ख्मेर भाषेतला काळ नोंदवलेला सर्वांत जुना शिलालेख अंगकोर बोरेईचा, इ.स. ६११ मधला. त्यावर शक आहे ५३३. हो, आपलाच तो शक. जोडाक्षर लिहिताना ख्मेर लोक पहिलं अक्षर पूर्ण काढतात आणि दुसरं त्याच्या खाली, वेगळ्या रूपात. त्या खालच्या रूपाला ते अक्षराचा पाय म्हणतात.

आता संगणक. त्याला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जगातल्या सगळ्या लिप्यांना आकडे देणारा तक्ता म्हणजे युनिकोड, १९९१ पासूनचा. त्यातली देवनागरी भारताच्या १९८८ च्या 'इस्की' या प्रमाणकावर बेतलेली आहे. त्यात अर्ध्या अक्षरांना वेगळे आकडे नाहीत. क, मग हलन्त, मग य, की झाला क्य. आपल्याला यात काही खटकत नाही, कारण पाय मोडण्याची खूण आपण कागदावर खरोखर काढतो. वर्गात ती शिकवण्यात माझी उभी हयात गेली.

१९९९ मध्ये युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत ख्मेर आली ती याच साच्यात. दोन व्यंजनांमध्ये एक खूण घालायची, तिचा अर्थ 'पुढच्याचा पाय करा'. पंचाईत अशी, की ही खूण ख्मेर लिपीत नाहीच! ना शिलालेखावर, ना पाटीवर. २००१ मध्ये कंबोडियाने अधिकृत हरकत घेतली. आमच्या पायांना त्यांचे स्वतःचे आकडे द्या, आम्हाला विचारल्याशिवाय हे ठरलं, असं त्यांचं म्हणणं.

विचारणार तरी कुणाला? १९७५ ते १९७९ ख्मेर रूजच्या राजवटीत शाळा बंद पडल्या, शिक्षक मारले गेले. मग यादवी. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक झाली. अशा देशातून लिपीच्या बैठकांना कोण जाऊन बसणार? शेजारच्या थायलंडने १९८६ मध्येच स्वतःचं प्रमाणक केलं होतं. त्यांच्या काही स्वरखुणा आपल्या पहिल्या वेलांटीसारख्या व्यंजनाच्या डावीकडे येतात. टंकयंत्रावर त्या आधी उमटत, म्हणून संगणकातही आधीच. युनिकोडने ते मुकाट्याने तसंच घेतलं.

कंबोडियाची मागणी मान्य झाली नाही. एकदा दिलेला आकडा हलवायचा किंवा काढायचा नाही, हा युनिकोडचा १९९६ पासूनचा नियम. तो मला पटतो, नाहीतर आधी साठवलेले कागद उद्या वाचता येणार नाहीत. २००३ मध्ये तिथल्या चांद्र तिथींची चिन्हं मात्र वाढवली गेली.

खुद्द 'ख्मेर' हा शब्द घ्या. कागदावर स्वराची खूण सर्वांत डावीकडे, मग ख, त्याखाली म चा पाय, मग र. संगणकात मात्र ख, ती खूण, म, स्वर, र असे पाच आकडे. चालतं म्हणा. पण ख्मेरमध्ये 'त' आणि 'ड' यांचे पाय हुबेहूब सारखे दिसतात. आकडे वेगळे! म्हणजे दोघांनी टंकलेला शब्द दिसायला एकच, आणि शोधायला गेलं तर एकाचा सापडतो, दुसऱ्याचा नाही. तपासायला लाल पेन घेऊन बसले तरी ही चूक मला दिसणार नाही. शिक्षिका म्हणून माझा राग आहे तो यावर.

असो. इन्स्क्रिप्टवर मी हलन्तासाठी 'डी' ची कळ दाबते, ख्मेर कळफलकावर त्या खुणेसाठी 'जे'. ती दाबली की बऱ्याच फॉन्टमध्ये अक्षराखाली अधिकाच्या चिन्हासारखं काहीतरी बारीक उमटतं. पुढची कळ दाबली की ते जातं आणि तिथे पाय येतो.